एकमत नाही, तरी एक घर: नगरचे टिळक आणि ‘देवाचा दरबार’

कुणी एसटीत बसून ऐकत असेल, कुणी भांडी घासताना, कुणी ऐकण्यापेक्षा वाचणं बरं म्हणून हे पान उघडलं असेल.

आजचा प्रश्न आधीच सांगून टाकतो. ज्या माणसांत आपण वाढलो, ज्यांच्यासोबत जेवतो, सण करतो, त्यांच्यापेक्षा आपली श्रद्धा वेगळी झाली, तर आपण त्यांचे उरतो का?

प्रश्न पुस्तकी वाटेल, पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरात तो आजही बसलेला आहे. घरी गणपती बसतात, तुम्ही आरतीला उभे राहता, टाळ्याही वाजवता, पण मनात देव नाही. किंवा उलट: आईवडील काहीच मानत नाहीत आणि मुलगी गुपचूप गुरुवार करते. किंवा दोन वेगळ्या धर्मांच्या माणसांनी लग्न केलंय, आणि दोन्हीकडचे नातेवाईक विचारतायत, ‘मुलांना काय शिकवणार?’

जगात एक मंडळी अशी आहेत ज्यांनी या प्रश्नासोबत साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ संसार केलाय. त्यांना क्वेकर म्हणतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स नावाच्या माणसापासून ही चळवळ वाढली. ते स्वतःला ‘मित्र’ म्हणवतात. त्यांच्या जुन्या पद्धतीच्या सभेत पुरोहित नसतो. सगळे गप्प बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर तो उठून बोलतो, नाहीतर तासभर शांतताच. पाण्यानं बाप्तिस्मा देण्याची रीत त्यांच्यात नाही. ‘हे अमुक-अमुक मी मानतो’ अशी सगळ्यांनी म्हणायची प्रतिज्ञाही नाही. निर्णय हात वर करून, मतं मोजून होत नाहीत. सगळ्यांना चालेल असं काही सापडेपर्यंत थांबायचं. त्यामुळे आज काही ठिकाणी त्यांच्या एकाच बाकावर येशूला देव मानणारा, फक्त गुरू मानणारा आणि देवच न मानणारा, असे तिघं शेजारी बसलेले असतात.

भारतात क्वेकरांचं नाव मुख्यतः जोडलं गेलं ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादशी. तिथल्या रसुलिया गावात त्यांचं ग्रामीण केंद्र होतं. १९७२ साली सरकारी शाळांमधून प्रयोग करत विज्ञान शिकवण्याचा जो प्रसिद्ध कार्यक्रम सुरू झाला, तो या केंद्रानं आणि ‘किशोर भारती’ या संस्थेनं मिळून सुरू केला होता.

पण आज आपल्याला होशंगाबादला जायचं नाहीये. कारण ‘श्रद्धा वेगवेगळ्या, तरी आपण एकमेकांचे’ हा प्रयोग आपल्याकडे, मराठीत, एका माणसानं करून पाहिला. त्याची सगळी तयारी झाली ती नगरमध्ये. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे, पण ज्या काळाबद्दल बोलतोय तेव्हा ते अहमदनगर होतं आणि लोकांच्या तोंडी नुसतं नगर. मीही तेच म्हणेन.

त्या माणसाचं नाव नारायण वामन टिळक. शाळेत तुम्ही त्यांना भेटलाय. फुलांमुलांचे कवी, ‘केवढे हे क्रौर्य’ या पक्षिणीच्या कवितेचे कवी. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या.

आधी थोडं नगर

अमेरिकेतल्या बोस्टनहून चालणाऱ्या मिशनची माणसं १८३१ साली नगरला आली. त्यांना ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणायचे. आज आपण मिशनरी म्हटलं की एकदम बाजूनं किंवा विरुद्ध बोलायला लागतो. जरा थांबा. नगरमध्ये या लोकांनी काय उभं केलं ते बघा. सिंथिया फरार या बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या; त्या पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यात मुलींची शाळा काढायचं पक्कं झालं, आणि १८४८ मध्ये त्यांनी ती काढली. १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ हे मासिक निघालं, ते आजही निघतं. मिशनच्या मंडळीत सगळ्यात जास्त माणसं होती महार आणि मांग समाजातली, गावकुसाबाहेर राहणारी. थोडे ब्राह्मणही होते.

म्हणजे या चर्चमध्ये रविवारी जी माणसं एकत्र बसायची, ती गावात एका विहिरीवर पाणी भरू शकत नव्हती. हे डोळ्यासमोर ठेवा. तिथं एकत्र बसणं हाच मोठा बदल होता. पण जात ही काही चर्चच्या दारात चपलेसारखी काढून ठेवता येत नाही. ती माणसाबरोबर आत येते.

आता मिशनच्या आतली एक गोष्ट. रॉबर्ट ह्यूम नावाचे एक मिशनरी होते. जन्म मुंबईचा, १८४७ चा. १८७४ पासून काम नगरला. गावोगावच्या मंडळींसाठी पाळक तयार करणारी नगरची धर्मशिक्षणाची शाळा त्यांनीच उभी केली. हे ह्यूम सुट्टीवर अमेरिकेत गेले असताना १८८६ साली अडचणीत आले, ते एका मतामुळे.

तेव्हा चर्चमध्ये कडक समजूत अशी होती की ज्यानं या जन्मात येशूला स्वीकारलं नाही, त्याला मेल्यावर सुटका नाही. काही नव्या विचाराचे धर्मपंडित म्हणत होते, की ज्यांनी येशूचं नावच कधी ऐकलं नाही त्यांना मेल्यावर तरी एक संधी मिळत असेल, असं मानायला काय हरकत आहे? ह्यूमनी या विचाराबद्दल सहानुभूती दाखवली.

इथं बसून हा वाद हवेतला वाटतो. पण नगर जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर नुकताच ख्रिस्ती झालेला माणूस विचारणारच ना, की ‘माझी आजी मेली. तिनं तर हे नाव कधी ऐकलं नव्हतं. ती कुठं गेली?’ त्या माणसासाठी तो वाद धर्मशास्त्राचा नव्हता, घरचा होता. आजीला नरकात धाडून नातवानं स्वर्गात जायचं, ही अट त्याला कशी पचावी?

बोस्टनच्या मंडळानं ह्यूमना परत पाठवायचं लांबणीवर टाकलं. या मताचा माणूस आपला म्हणायचा का, यावर अमेरिकेत भरपूर भांडण झालं. शेवटी १८८७ मध्ये परवानगी मिळाली आणि ह्यूम नगरला परतले, ते पुढची कित्येक दशकं इथंच राहिले. १९०० च्या आसपासच्या भीषण दुष्काळात त्यांनी मदतीचं जे काम केलं त्यासाठी सरकारनं त्यांना ‘कैसर-ए-हिंद’ पदक दिलं.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. टिळक ज्या मंडळीत आले, ती एका आवाजात बोलणारी मंडळी नव्हती. ‘आमच्यात राहून वेगळं मत ठेवता येतं का’ हा प्रश्न नगरच्या मिशनला टिळकांच्या आधीच येऊन चिकटला होता.

घर मोडलं, ते कुणासाठी?

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण. लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. टिळक हुशार, संस्कृतात पक्के, शीघ्रकवी, आणि घरात एका जागी न टिकणारे. नोकरी धरायची, सोडायची, न सांगता निघून जायचं.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. दोघांच्या कवितेवर, धर्मावर गप्पा झाल्या आणि त्यानं टिळकांच्या हातात ‘नवा करार’ ठेवला. तो माणूस कोण, हे टिळकांना पुढं कधीच कळलं नाही. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ ला, टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि मग ते नगरला येऊन मिशनच्या कामाला लागले.

आता लक्ष्मीबाईंच्या बाजूनं विचार करा. हातात लहान मुलगा, दत्तू. नवरा धर्म बदलून गेलेला. त्या काळात याचा अर्थ काय? नवरा जिवंत, आणि तरी नातेवाईक त्याचं नाव मेलेल्या माणसासारखं घेणार. त्याच्या हातचं पाणी चालणार नाही. त्याच्या घरी गेली तर हीसुद्धा बाटली. टिळकांनी स्वतःच्या श्रद्धेसाठी किंमत मोजली हे खरंच आहे. पण त्या किमतीतला मोठा हिस्सा लक्ष्मीबाईंच्या पदरातून गेला, आणि तो देताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ‘माझं सत्य मला सापडलं’ असं सांगणाऱ्या थोरामोठ्यांच्या चरित्रात ही बाजू बऱ्याचदा एका ओळीत उरकतात. ‘स्मृतिचित्रे’ मोलाचं आहे ते यासाठी की तिथं ती ओळ पुस्तकभर पसरली आहे.

कायद्याचा एक बारकावा सांगतो. १८६६ साली सरकारनं एक कायदा केला होता. धर्मांतर करून ख्रिस्ती झालेल्याच्या नवऱ्यानं किंवा बायकोनं त्याच कारणावरून एकत्र राहायला नकार दिला, तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येत होतं. म्हणजे टिळकांना रस्ता मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही. पत्रं लिहिली, भेटायला गेले, थांबले. लक्ष्मीबाई काही काळ पंढरपूरला बहिणीकडे राहिल्या. अशी चार-पाच वर्षं गेली.

आणि मग लक्ष्मीबाई नगरला आल्या. ख्रिस्ती व्हायला नाही. नवऱ्यासोबत राहायला. आल्या त्या आपल्या सोवळ्यासकट. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. एका संसारात दोन धर्म, आणि मधे दत्तू.

मला विचाराल तर आजच्या भागातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. पुढं टिळकांनी जो दरबार काढला त्याच्याआधी हा दरबार चुलीपाशी भरला होता. दोघांपैकी कुणीही आपलं मत सोडलेलं नव्हतं, आणि तरीही दोघांनी ‘हे आपलं घर’ म्हणायचं ठरवलं होतं. हे सुखाचं होतं असं मी म्हणत नाही. वाद होते, रडणं होतं, आणि लक्ष्मीबाई लिहितात म्हणून भरपूर हसणंही होतं.

पुढं बदल झाला, पण कुठून झाला ते लक्षात घ्या. महाबळेश्वरला असताना लक्ष्मीबाई एकट्या बसून विचार करत होत्या. देवानं खरंच माणसांच्या जाती केल्या असतील का? जनावरांत, पाखरांत जसा उघड फरक दिसतो, तसा माणसामाणसात का दिसत नाही? विचार करता करता त्या ठाम झाल्या, की ही माणसांची करणी आहे. आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन, पिईन. तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांची जात आधी गेली, बाप्तिस्मा नंतर, १९०० साली, झाला. त्यांना कुणी वादात हरवलं नव्हतं. स्वतःच्या डोक्यानं, स्वतःच्या वेळेला, एक एक गाठ सोडवत त्या तिथं पोचल्या. आणि तो वेळ त्यांना मिळाला.

टिळकांच्या घरची पंगत

नगरचं टिळकांचं घर म्हणजे माणसांचा राबता. दुष्काळ, प्लेग, त्यात पोरकी झालेली मुलं. लक्ष्मीबाईंनी किती जणांचं केलं त्याचा हिशेब त्यांनीच हसत हसत दिला आहे. त्यात एक जण तुमच्या ओळखीचा आहे.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं. तिथं सतरा वर्षांच्या एका पोरानं कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. तो त्र्यंबक बापूजी ठोंबरे. ‘बालकवी’ हे नाव त्याला त्या संमेलनात मिळालं. टिळक तिथं होते. त्यांनी या मुलाला नगरला आपल्या घरी आणलं. बालकवी टिळकांच्या घरी घरच्यासारखे राहिले, लक्ष्मीबाईंच्या हातचं जेवले, आणि हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंना तो मुलासारखा होता. पुढं १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला, सत्ताविसाव्या वर्षी.

एक ख्रिस्ती पाळक. १९०४ मध्ये टिळकांना रीतसर पाळकाची दीक्षा मिळाली होती, म्हणूनच आपण त्यांना रेव्हरंड टिळक म्हणतो. त्यांच्या घरात एक कोवळा हिंदू कवी मुलासारखा राहतो. त्या काळातल्या दोन्ही बाजूंना हे खटकण्यासारखंच होतं. हिंदू म्हणणार, पोराला बाटवतील. मिशनमधला एखादा म्हणणार, इतके दिवस घरात आहे, अजून बाप्तिस्मा कसा नाही? टिळकांच्या घरानं दोन्ही प्रश्नांना उत्तर दिलं नाही, पानं वाढली.

टिळक मिशनमध्ये होते, पण मिशनसारखे नव्हते. ते म्हणायचे की ते ख्रिस्ताकडे आले ते तुकोबांच्या पुलावरून. आता हे वाक्य मिशनच्या चौकटीत कसं बसवणार? तुकाराम म्हणजे तर सोडून यायचा धर्म! पण टिळकांना तुकोबा आणि ज्ञानोबा सोडायचेच नव्हते. मराठी ख्रिस्ती माणूस उपासनेला बसला की इंग्रजी गाण्यांची भाषांतरं परक्या चालीवर म्हणायचा. टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, पदं लिहिली. ‘अभंगांजली’ त्यातलीच. ख्रिस्ती कीर्तन नगर भागात टिळकांच्या आधीपासून होतं. कृष्णराव सांगळे यांनी ते रुजवलं होतं. टिळकांनी त्याला मोठ्या कवीची भाषा दिली. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादक होते, आणि तिथूनही ते हेच मांडत राहिले, की ख्रिस्ती झालेल्या माणसानं आपल्याच देशात परदेशी होऊन राहायचं कारण नाही.

देवाचा दरबार

आणि मग १९१७. टिळकांचं वय छप्पन्नच्या घरात, तब्येत ढासळलेली. अशा वयात माणूस पेन्शनचा हिशेब करतो. टिळकांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला, संन्याशासारखं राहायचं ठरवलं, नगर सोडलं आणि साताऱ्याला गेले. तिथं त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

काय होता हा दरबार? ख्रिस्ताला मानणाऱ्यांची बंधुमंडळी, पण अट अशी, की अटच नाही. बाप्तिस्मा घेतलेले चालतील, न घेतलेलेही चालतील.

यात एवढं मोठं काय, असं वाटेल. तर बाप्तिस्मा म्हणजे नुसतं डोक्यावर पाणी नव्हतं. त्या पाण्यासोबत घर जायचं, जात जायची, आईच्या हातचं जेवण जायचं. येशूबद्दल ज्यांना मनापासून ओढ होती, पण आईला सोडायचं नव्हतं, अशा माणसांनी कुठं जायचं? चर्चच्या दारात त्यांना विचारलं जायचं, ‘बाप्तिस्मा झालाय?’ घरच्या दारात विचारलं जायचं, ‘चर्चमध्ये गेला होतास?’ टिळकांना असं दार हवं होतं जिथं यातला एकही प्रश्न विचारला जाणार नाही. टिळकांनी हे स्वतः सोसलं होतं. आपल्या श्रद्धेसाठी घर मोडताना काय होतं, ते त्यांनी लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत चार-पाच वर्षं पाहिलं होतं.

इथं क्वेकर आठवतात ना? तेही पाण्याचा बाप्तिस्मा मागत नाहीत, तेही एकमेकांना मित्र म्हणतात. टिळकांनी त्यांच्याकडून हे घेतलं असं मला म्हणायचं नाही. टिळकांच्या डोळ्यासमोर आपली वारी होती, आपले संत होते. दिंडीत चालताना शेजारच्याला कुणी विचारत नाही, की तू द्वैती की अद्वैती? पण जगाच्या दोन टोकांना माणसं एकाच अडचणीतून जातात तेव्हा त्यांची उत्तरंही कधीकधी शेजारी येऊन उभी राहतात.

आणि योगायोग बघा. याच वर्षांत नगर जिल्ह्याच्याच उत्तरेला, शिर्डीत, एका मशिदीत धुनी पेटवून बसलेल्या फकिराकडे हिंदू आणि मुसलमान दोघंही येत होते. साईबाबांचं निर्वाण १९१८ चं. तिथं माणसं एका व्यक्तीभोवती जमली होती. टिळकांना मात्र अशी मंडळी हवी होती जी भावाभावांसारखी, बरोबरीनं चालेल.

आता विरोधी बाजूही नीट ऐकून घेऊ, कारण ती खोटी नव्हती. समजा तुम्ही नगर जिल्ह्यातल्या एखाद्या महार कुटुंबातले आहात. तुमच्या आजोबांनी गावाचा मार खाऊन, बलुतं बुडवून बाप्तिस्मा घेतला. तो बाप्तिस्मा तुमच्या घराची कमाई आहे. माणूस म्हणून मान त्यातून मिळालाय. आणि आता एक मोठा ब्राह्मण कवी म्हणतो, बाप्तिस्मा नसला तरी चालेल. तुम्ही विचाराल की नाही, ‘मग आम्ही जे सोसलं त्याचं काय? वरच्या जातीच्या माणसाला घर न सोडता देव मिळणार, आणि आम्ही?’ दुसरीकडे हिंदू शेजारी म्हणणार, हे नवं जाळं दिसतंय, अट नाही म्हणून आत ओढायचं.

म्हणजे बघा, दार सताड उघडं ठेवलं की सगळे आनंदानं आत येतात असं होत नाही. आत आधीपासून बसलेल्यांनी त्या दारासाठी काय मोजलंय, त्याचाही मान राखावा लागतो. ही गोष्ट आजही आपण विसरतो. कुठल्याही गटात ‘सगळ्यांना घ्या’ म्हणणारा बहुतेक वेळा तो असतो ज्याला आत यायला फारसा त्रास झालेला नसतो.

या प्रश्नांची उत्तरं शोधायला टिळकांना वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. त्यांच्यामागं तो टिकला नाही.

मग उरलं काय?

आपण एखादा प्रयोग फसला की नाही हे संस्थेच्या पाटीवरून ठरवतो. पाटी गेली, म्हणजे संपलं. पण टिळकांच्या बाबतीत मला तसं वाटत नाही, आणि त्याची कारणं सांगतो.

पहिलं कारण, त्यांची गाणी. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात टिळकांची पदं ढिगानं आहेत. नगरच्या आसपासच्या खेड्यातल्या चर्चमध्ये रविवारी पेटी, तबला, झांजा घेऊन ती आजही म्हणतात. आणि गाण्याची एक गंमत असते. प्रतिज्ञा म्हणताना प्रत्येक शब्द मला मान्य आहे का, हे मी तपासतो. गाताना मी शेजाऱ्याचा सूर धरतो. गाता गाता माणूस आपोआप त्या मंडळीतला होतो. पटायचं ते मागून पटतं, कधी पटतही नाही, तरी सूर सुटत नाही.

दुसरं कारण, टिळकांना जवळून पाहिलेली माणसं. जॅक विन्स्लो नावाचे एक इंग्रज पाळक त्याच काळात नगरला होते. टिळकांचं चरित्र इंग्रजीत त्यांनीच लिहिलं, १९२३ साली. १९२२ मध्ये त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला: इंग्रज आणि भारतीय एका आश्रमात, एका पंगतीत, भारतीय पद्धतीनं राहणार. नगर भागात सुरुवात झालेला तो संघ पुढं पुण्याला गेला. व्हेरिअर एल्विन, जे नंतर आदिवासींमध्ये राहिले आणि त्यांच्यावर लिहीत राहिले, ते भारतात आले ते याच संघात.

तिसरं कारण लक्ष्मीबाई. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ मध्ये चार भागांत आलं, आणि २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. मी ते कॉलेजात असताना वाचलं तेव्हा एका विनोदी बाईचं आत्मचरित्र म्हणून वाचलं होतं. पुन्हा वाचताना दिसलं की जो धर्म त्यांनी सोडला त्याच्याबद्दल त्यात कडवटपणा नाही, आणि जो घेतला त्याची जाहिरात नाही. पंढरपूरची माणसंही तितक्याच मायेनं येतात, मिशनची माणसंही. ज्या पुस्तकात हिंदू आणि ख्रिस्ती दोघांनाही आपलं घर सापडतं आणि जे महाराष्ट्रानं धर्म न विचारता आपलं मानलं, तोच मला तरी देवाचा दरबार वाटतो.

आता आपल्याकडे येऊ. या सगळ्यातून मला जे दिसतं ते साधं आहे. आपण समजतो की आधी मतं जुळतात, मग माणसं एकमेकांची होतात. नगरच्या या घरात उलटं झालं. आधी एकत्र राहायचं ठरलं. मतांचं पुढं बघू म्हटलं. पण त्यासाठी काहीतरी ठोस करावं लागलं. टिळकांनी कायदा हातात असून तो वापरला नाही आणि वाट पाहिली. लक्ष्मीबाईंनी सोवळ्यासकट का होईना, उंबरा ओलांडला. बालकवीला कुणी विचारलं नाही, की तू कधी होणार आमच्यातला. वेळ देणं, एकमेकांचं ताट सांभाळणं आणि घाईचा प्रश्न न विचारणं, याच्यावर ते घर उभं होतं. दरबार पडला कारण अशी घरं एकेक करून बांधावी लागतात, जाहीर करून उभी राहत नाहीत, आणि ती बांधायला लागणारी वर्षं टिळकांकडे उरली नव्हती.

आणि एक सावधगिरी. वाट पाहण्याचा भार नेहमी एकाच माणसावर पडत असेल, बायकोवर, सुनेवर, खालच्या समजलेल्या जातीच्या माणसावर, तर त्याला एकोपा म्हणू नका. तिथं कुणीतरी फक्त गप्प बसलेलं असतं.

तर या आठवड्याचं काम. तुमच्या घरात, खोलीत, मित्रांत ज्याची श्रद्धा तुमच्यापेक्षा वेगळी आहे अशा एका माणसाजवळ बसा. त्याला पटवू नका. ‘तू हे का मानतोस’ एवढंच विचारा, आणि क्वेकरांसारखं थोडा वेळ गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल. लागू द्या. आणि नगरला गेलात, रविवारची सकाळ मोकळी असली, आणि एखाद्या चर्चमधून अभंगाची चाल कानावर आली, तर जरा थांबून ऐका. शब्द येशूचे असतील, ठेका आपल्या वारीचा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा.